चालवतो तो, सांभाळते ती

प्रिय उंट,

हे नाव वाचून तू हसशील आणि तेवढ्यावर माझा राग गेला असं समजशील, म्हणून आधीच सांगते, गेलेला नाही. मायना बदलून बघितला. 'प्रिय मॅडम' लिहिलं तर ते खोटं वाटलं. नुसतं 'प्रिय' लिहिलं तर अर्धवट वाटलं. शेवटी प्रशिक्षणात तुझ्या उंचीवरून पडलेलं नावच लिहिलं. तुझे फोन येतात ते मला दिसतात, मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत गार करतेस. 'बरं, आधी श्वास घे' म्हणतेस, मी मूर्खासारखी खरंच श्वास घेते आणि बोलायचं ते सगळं राहून जातं. कागदाला असं मध्येच बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तुझा निरोप वाचला. 'वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यासाठी याहून चांगलं काहीतरी येईल.' काय येईल गं? आपल्या डेपोत प्रमुखाच्या खोलीच्या वर पत्रा आहे आणि पत्र्यावर कबुतरं. मला कबुतर व्हायचं नव्हतं. मला डेपो प्रमुख व्हायचं होतं, आणि ते मी कधी लपवलं नाही. बायकांनी अशी इच्छा तोंडावर आणायची नसते, कुणीतरी आग्रह करेपर्यंत 'छे, मला कुठे जमणार' म्हणत बसायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी आणली. जुने साहेब निवृत्त झाल्या झाल्या अर्ज केला आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की केलाय. आता जागा दुसऱ्याला गेल्यावर कँटीनमध्ये शिरताना माझी काय अवस्था होत असेल, त्याचा विचार कर. सगळे इतके प्रेमानं वागतात की एखाद्याच्या डोक्यात चहा ओतावासा वाटतो.

नव्या साहेबांबद्दल तू विचारलं आहेस. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरांनी त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलं. शर्टाची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नाही, कारण ते खोलीच्या बाहेर पडत नाहीत. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं सोपं झालं असतं. मुख्य कार्यालयात आकडेवारी करत होते, डेपो त्यांनी कागदावर पाहिलेला. थंडीत सकाळी गाडी धक्क्यावर सुरू करावी लागते, तेव्हा धक्का मारायला कुणाला हाक मारायची आणि कुणाला चुकूनही मारायची नाही, हे त्यांना कसं कळावं? मग ते मला बोलावतात. 'ताई, हे तेवढं तुम्हीच बघा ना, तुम्ही इतकी वर्षं सगळं सांभाळलंय.' म्हणजे काम माझं, सही त्यांची. परवाच्या बैठकीला मी, वर्कशॉपचा फोरमन, तिकिटांचे हिशेब बघणारे दोघे आणि ते. सगळे बसल्यावर ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, 'ताई, चहाचं बघता का?' मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत राहिले. शेवटी फोरमन उठला, ग्रीसचे हात पुसत गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. त्या दिवसापासून इस्त्री माझ्याशी जरा जपून बोलतात. फोरमन मात्र म्हणतो की आता बैठकीला यायचं तर चहा चांगला करायला शिकावं लागेल.

या 'ताई'चं मी काय करू ते सांग. साहेबांना कुणी 'दादा' म्हणाल्याचं ऐकलं आहेस का कधी? पोरसवदा पर्यवेक्षक आला तरी तो पहिल्या दिवसापासून 'सर'. मी मात्र ताई. तुझ्या-माझ्यापेक्षा वयानं मोठे ड्रायव्हरसुद्धा ताई म्हणतात. पूर्वी मला ते आवडायचं, मायेचं वाटायचं. पण साहेबांनी सांगितलं की तो हुकूम होतो आणि ताईनं सांगितलं की ती विनंती होते. विनंती ऐकली तर त्यांचा मोठेपणा, नाही ऐकली तर ताई रागावत नाही. रागावली तर ताईचं घरी काहीतरी बिनसलं असणार. माझ्या रागाला इथं आजवर कुणी कामाचं कारण दिलेलं नाही. कधी सासूबाई, कधी तब्येत, कधी वय. इस्त्रीचा आवाज चढला की मात्र 'साहेब कडक आहेत' अशी वाहवा होते.

आपले प्रशिक्षणाचे दिवस आठवतात. अख्ख्या डेपोत आपण दोघी बायका. पर्यवेक्षकालाही बस चालवता आलीच पाहिजे असा नियम, म्हणून मागच्या आवारात जुनी गाडी दिलेली. तू बसलीस की गुडघे स्टिअरिंगला लागायचे आणि मी बसले की पाठीमागे उशी लागायची. मी ब्रेक असा मारायचे की मागे बसलेले शिकाऊ एकमेकांच्या मांडीवर जायचे. आणि ती संडासची किल्ली! हरवू नये म्हणून पहारेकऱ्यानं ती गिअरच्या तुटक्या चाकाला तारेनं बांधून ठेवली होती. ते लोढणं हातात घेऊन आवार ओलांडायचं आणि सगळ्या डेपोनं बघायचं की बाई कुठे निघाली. मी पाणी प्यायचं कमी केलं. तू काय केलंस? तू ते चाक घेतलंस, तशीच साहेबांच्या खोलीत शिरलीस आणि त्यांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवलंस. काचेला तडा गेला. 'आम्हाला आमची किल्ली हवी, आमच्या खिशात' असं म्हणालीस. मी दारातून पाहत होते. किल्ली मिळाली. मी तेव्हाच ठरवलं होतं की ही बाई जिथं जाईल तिथं माझ्यासाठी एक दार उघडं असेल. तू मुख्य कार्यालयात गेलीस तेव्हा मी रडले आणि खूशही झाले. आपलं एक माणूस वर गेलं, असं सगळ्यांना सांगत सुटले होते.

जुन्या साहेबांचं आजारपण आलं तेव्हाचं तुला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं आहे, पण आज सलग लिहिते, कारण ते सलग कुणीच ऐकून घेतलेलं नाही. ते हॉस्पिटलात, नंतर घरी, आणि डेपो माझ्याकडे. कागदावर काहीच नाही, नुसतं तोंडी, 'ताई, मी येईपर्यंत सांभाळा.' मी पहिल्यांदा हात घातला तो ड्यूट्या लावण्याच्या पद्धतीला. तुटक पाळी म्हणजे काय ते तू विसरली नसशील. सकाळी चार फेऱ्या, मग भर दुपारी विश्रांतीच्या शेडमध्ये बाकावर पडून राहायचं, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. दिवस सगळा जातो आणि पगार अर्ध्या दिवसाच्या कामाचा वाटतो. ती पाळी कायम नव्यांच्या आणि कुणाच्याच मर्जीत नसलेल्यांच्या गळ्यात. वर्षानुवर्षं काही ठरावीक लोकांना सरळ पाळी आणि सावलीचा रूट. मी सगळ्यांची नावं फिरती केली आणि तक्ता भिंतीवर लावला, कुणालाही वाचता येईल असा.

मग एका सकाळी जुने ड्रायव्हर गाड्यांपुढे मांडी घालून बसले. गाड्या बाहेर निघेनात. फाटकाबाहेर कामावर जाणारी माणसं रांगेत उभी, मुलं शाळेच्या दप्तरांसकट. त्यांच्या पुढाऱ्यानं, तोच तो मिशीवाला, मला सांगितलं, 'ताई, तुम्ही घरी जा, साहेब आले की आम्ही त्यांच्याशी बोलू.' मी त्याच्याशी वाद घातला नाही. शेवटच्या ओळीतली गाडी मोकळी होती, तिच्यापुढे कुणी बसलं नव्हतं. मी चढले, पाठीमागे उशी घेतली, गाडी सुरू केली आणि मागच्या फाटकातून वळसा घेऊन रांगेपुढे आणून उभी केली. तिकीट द्यायला तिकीट खिडकीवरची मुलगी धावत आली. मी ती फेरी पूर्ण केली. एका ठिकाणी ब्रेक जरा जोरात लागला, एक आजोबा मला शिव्या देऊन उतरले, ते जाऊ दे. परत आले तेव्हा निम्मे ड्रायव्हर गाड्या घेऊन गेले होते. बाई गाडी चालवते आणि आपण जमिनीवर बसलोय, हे रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं, ते त्यांना झेपलं नाही. दुपारी मिशीवाला आला, मी त्याला बसवलं, त्याचं ऐकलं, एका जागी तो बरोबर होता म्हणून तक्त्यात बदलही केला. तो फिरता तक्ता आजही भिंतीवर आहे. त्यानंतर गैरहजेरी कमी झाली आणि रद्द होणाऱ्या फेऱ्याही. हे मी म्हणत नाही, तुमच्याच कार्यालयाच्या अहवालात आहे.

पण त्या अहवालात काय लिहिलं आहे ते तू वाचलंस का? 'साहेबांच्या अनुपस्थितीत ताईंनी वातावरण उत्तम सांभाळले.' वातावरण! मी बस चालवली, संप मोडला नाही तर सोडवला, अख्ख्या डेपोची पद्धत बदलली, आणि मी काय सांभाळलं, तर वातावरण. साहेब निवृत्त झाले तेव्हा भाषणात म्हणाले, 'माझ्या मागे या आमच्या ताईंनी डेपो अगदी घरासारखा सांभाळला.' टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या माणसाच्या मनात काही वाकडं नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. घरी येऊन जेवताना माझ्या डोक्यात तो शब्द फिरायला लागला. त्यांच्याबद्दल सगळे म्हणाले की त्यांनी डेपो चालवला. त्यांच्या आधीच्यांनीही चालवला. ज्यांनी डेपो बुडवायला आणला होता ना, ते झोपाळू साहेब, त्यांच्याबद्दलसुद्धा लोक म्हणतात की त्यांनी वाईट चालवला. वाईट का होईना, चालवला. मी एकटीच अशी की जिनं सांभाळला. मालक येईपर्यंत शेजारणीनं घराची किल्ली ठेवून घ्यावी तसा. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले की शब्दाचं काय एवढं मनावर घेतेस. ह्यांचं ठीक आहे. ह्यांना आयुष्यात कुणी 'सांभाळून घ्या' म्हणालेलं नाही.

आणि मग ती मुलाखत. लांब टेबल, पलीकडे तुम्ही पाच जण, चौघे पुरुष आणि तू. मी दारातून आत आले आणि तुला बघून माझ्या हातापायांतला ताण गेला. समितीत तू आहेस हे मला आधी कळलं नव्हतं, नियमानं तू सांगूही शकत नव्हतीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिले प्रश्न चांगले झाले. इंधनाचं, जुन्या गाड्यांचं, नव्या रूटचं. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, 'घरी कोण कोण असतं?' मी सांगितलं. 'सासूबाई अंथरुणाला आहेत म्हणे. प्रमुखाला वेळी-अवेळी यावं लागतं. जमेल?' मी म्हटलं, आजवर कोण येत होतं? ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पेनाचं टोपण काढत होतीस, लावत होतीस, काढत होतीस. तेव्हा मला वाटलं, बिचारी, मैत्रीण म्हणून बोललं तर पक्षपात होईल, म्हणून मूग गिळून बसली आहे. बघ, तिथंसुद्धा मी तुलाच सांभाळून घेतलं. इस्त्रीच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला आहे, हे मला ते इथं रुजू झाल्यावर त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांना घरी कोण असतं हे विचारलं होतं का, असं मी सहज विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

सासूबाईंना हे कळलं त्या दिवशीची गंमत सांगते, नाहीतर तुला वाटेल की मी नुसती जळतेच आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावर आहेत, पण जिभेचं हाड मुळात नव्हतंच, ते काय मोडणार. मी सांगितलं की तुमच्या दुखण्याचा विषय निघाला होता मुलाखतीत. त्या उठून बसायला लागल्या. 'मला निमित्त केलं त्यांनी? मी कशाला मधे? मी काय त्यांच्या कमिटीवर होते?' मग ह्यांना हाक मारून म्हणाल्या, 'माझं सगळं तू करतोस आणि जागा हिची जाते, हा कुठला हिशेब?' खरंच आहे गं. त्यांना सकाळी उठवणं, अंघोळ, औषधं, सगळं हे करतात. माझ्या वाटणीला संध्याकाळची भांडणं तेवढी. त्या दिवसापासून त्या वॉकर धरून उभं राहायचा हट्ट करतात. म्हणे, त्या अध्यक्षाच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. जातीलही.

अध्यक्ष नव्या साहेबांच्या स्वागताला डेपोत आले होते. तू आली नव्हतीस, तुला काहीतरी काम होतं. परत जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ताई, निराश होऊ नका. आणि हो, मैत्रीण मिळावी तर अशी. फार जिवाची आहे हो तुमची.' मी विचारलं, काय झालं? त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं. दोन मतं माझ्या बाजूनं होती, दोन इस्त्रीच्या. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण मला जवळून ओळखणारी तू एकटी. तू म्हणालीस, 'तिची फार ओढाताण होईल. ती आत्ता सगळं छान सांभाळते आहे, तिला आहे तिथंच राहू द्या. आणखी ओझं टाकू नका, मी समजावीन तिला.' त्यांनी हे तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, तो मऊ आवाज काढून. मी फाटकाशी उभी होते. समोरून गाडी वळत होती, मी हात करून तिला मागे घेतलं, पुढे सोडलं, अध्यक्षांना धन्यवाद म्हटलं आणि वर्कशॉपच्या मागं जाऊन टायरच्या ढिगावर बसले. रडले नाही. मला इतका राग आला होता की डोळ्यांना काही सुचलंच नाही.

मी तुला विचारलं होतं का गं? एकदा तरी विचारलं होतं का, की मला ओझं होईल का ते ठरव म्हणून? तुझ्याशी फोनवर मी रडते, थकले म्हणते, सासूबाईंच्या नावानं बोटं मोडते, ते मैत्रिणीला सांगितलेलं असतं. ते समितीपुढे ठेवायला दिलेलं नसतं. मला कुणी अनोळखी माणसानं हाणून पाडलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तू केसानं गळा कापलास आणि वर काळजीचा हात फिरवलास. सगळ्यात संताप कशाचा येतो ते सांगू? तू स्वतः कशी वर गेलीस ते मी पाहिलं आहे. तुझा मुलगा तापानं फणफणलेला असायचा आणि तू कार्यालयाच्या बाथरूममध्ये नळ सोडून शेजारणीला फोन करायचीस, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तुझं लग्न मोडलं तेव्हा तू बढतीची मुलाखत होईपर्यंत बोटातली अंगठी काढली नाहीस. घरातलं एक अक्षर तू त्या लोकांना कळू दिलं नाहीस, कारण कळलं की ते काय करतील हे तुला पक्कं माहीत होतं. तुला माहीत होतं! आणि माझ्या वेळी तू माझं घर उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलंस.

तुझीही बाजू मी मनात मांडून पाहिली, सारखी मांडते. चौघांमध्ये एकटी बाई. मैत्रिणीला मत दिलं तर 'बघा, बायका बायकांचंच बघतात' असं ऐकावं लागलं असतं. इस्त्रीला कारण न देता मत दिलं असतं तर तुझ्या मनाला लागलं असतं. म्हणून तू असं कारण शोधलंस की ज्यात तू निःपक्षपातीही ठरशील आणि मायाळूही. की तुला खरंच वाटलं, माझी ओढाताण होईल? यातलं काय खरं ते मला अजून कळत नाही, आणि खरं सांगू, दुसरं खरं असेल तर मला जास्त राग येतो. कारण मग माझ्याबद्दल तुझं मत मिशीवाल्याच्या मताहून वेगळं नाही. तोसुद्धा मला काळजीनंच म्हणाला होता की ताई, तुम्ही घरी जा. फरक एवढाच की त्याच्या नाकासमोरून मी गाडी बाहेर काढू शकले. तू जिथं बसली होतीस तिथं मागचं फाटक नव्हतं.

मिशीवाला काल येऊन गेला. म्हणाला, 'ताई, नवे साहेब तक्ता बदलणार म्हणतात, जुन्या पद्धतीवर जायचं म्हणतात. आम्ही बसू का पुन्हा?' हा माणूस, ज्यानं तो तक्ता लावू नये म्हणून गाड्या अडवल्या, तो आता तक्ता काढू नये म्हणून गाड्या अडवायला तयार आहे. मी त्याला नको म्हटलं. लोकांना सकाळी कामावर जायचं असतं. पण त्याला परत पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न माझ्या नाकाचा राहिलेला नाही. तक्ता गेला की तुटक पाळी पुन्हा त्याच नव्या पोरांच्या गळ्यात जाईल, आणि गेल्या महिन्यात लागलेल्या आपल्या दोन ड्रायव्हर मुलींच्या तर आधी जाईल. त्यांना दुपारी कुठं पडायचं? ती शेड सगळी पुरुषांची. त्या मुली आल्या की मला विचारतात, मॅडम, तुम्ही प्रमुख कधी होणार? त्या मला मॅडम म्हणतात. मी त्यांना काय उत्तर देऊ, की माझी काळजी घेतली गेली?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी निवडीविरुद्ध हरकतीचा अर्ज दिला. उमेदवाराला घरची परिस्थिती विचारली, ती फक्त मलाच विचारली आणि तिच्यावरून जागा नाकारली, असं त्यात लिहिलं आहे. समितीत ते वाक्य कोण बोललं, तिथं तुझं नाव आणि हुद्दा आहे. नाव गाळून लिहून पाहिलं, अर्ज पोकळ झाला. अध्यक्ष चौकशीत 'मला आठवत नाही' म्हणतील आणि त्यांना खरंच आठवणार नाही, त्यांच्या दृष्टीनं ती एक गोड गोष्ट होती. तुला आठवेल. तुला बोलावतील आणि विचारतील की तुम्ही असं म्हणालात का. हो म्हणालीस तर त्या टेबलापलीकडची तुझी खुर्ची जाईल, कदाचित पुढची बढतीही. नाही म्हणालीस तर माझा अर्ज तिथंच निकालात निघेल आणि जागा न मिळाल्यानं डोकं फिरलेली बाई म्हणून मी निवृत्तीपर्यंत या कँटीनमध्ये चहा पिईन. काय म्हणायचं ते मी तुला सांगणार नाही, तू मोठी आहेस. फक्त कार्यालयाचा लखोटा तुझ्या टेबलावर येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. तू माझ्याविषयी जे बोललीस ते मी खोलीत नसताना बोललीस. मी तुझ्याविषयी जे लिहिलं आहे, त्याची प्रत या पत्राला जोडली आहे.

रागावलेली, अजून तरी तुझीच